सुकुमार सेन राहिले की!

सत्तांतर होणाऱ्या देशांत निवडणुका घ्यायला जाणाऱ्या तज्ज्ञांवरचा लेख आवडला, पण आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन त्यात कुठेच नाहीत. १९५३ साली सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. आपली स्वतःची पहिली निवडणूक उरकून जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हा!

दुसरं म्हणजे, लेखात सगळा भर निरीक्षकांवर, मतदान केंद्रावर राबणाऱ्यांवर नाही. मी सोलापूरचा निवृत्त शिक्षक. अक्कलकोट तालुक्यात केंद्राध्यक्षाची ड्युटी केलीय. मतदार कन्नड बोलणारे, आणि माझं कन्नड ‘बर्री, कूड्री’ (या, बसा) एवढंच. शाई लावणाऱ्या बाई त्याच भागातल्या होत्या म्हणून निभावलं. (दुपारची भाकरी-शेंगाचटणीही त्यांच्याच डब्यातली.)

अफगाणिस्तानात २००४ ला अध्यक्षपदाच्या मतदानात बोटावरची शाई पुसली जातेय अशी बोंब उठली आणि तेव्हाचे हंगामी अध्यक्ष आणि उमेदवार हमीद करझाई यांच्या विरोधकांनी त्याच दिवशी बहिष्कार पुकारला. कारण काय, तर काही केंद्रांवर बोटाला खूण करायला चुकीचं पेन वापरलं गेलं! तिथं बाहेरचे तज्ज्ञ कमी नव्हते. केंद्रावरच्या माणसाला पेन हातात देऊन कुणी किती वेळ शिकवलं, त्यावर पुढचा लेख लिहा.