बीजगणितात अडकलेला टॅकल

डिसेंबरचा पहिला आठवडा. बारा सामने खेळून झाले आहेत, त्यातले आठ हरून झाले आहेत आणि शेवटच्या सामन्यानंतर कोचला नारळही देऊन झाला आहे. मैदानावर आता चिटपाखरू नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या फॅनचा खरा हंगाम इथून सुरू होतो.

आमचं विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही, हरण्यातून त्याची पुरेशी प्रसिद्धी झाली आहे. अमेरिकेत एम.एस.ला आलेल्या मराठी माणसाला पदवीबरोबर विद्यापीठाची टीमही मिळते. पदवी दोन वर्षांत हातावेगळी होते. टीम होत नाही.

या हंगामात दोनच विषय असतात. नवा कोच कोण, आणि ज्युनियर कॉलेजातून कोण येतंय. पहिला विषय पुण्याच्या नातेवाइकांना समजावता येतो, दुसरा येत नाही. ज्युनियर कॉलेज म्हटलं की पुण्याला अकरावी-बारावी डोळ्यांपुढे येते, प्रवेशाची दुसरी यादी येते, दाखल्यांची प्लास्टिकची फाइल येते. इथला ज्युनियर कॉलेजचा मुलगा एकवीस वर्षांचा, साडेसहा फुटी आणि एकशे चाळीस किलोचा असतो. त्याला ‘ज्युको’ म्हणतात. हे दोन वर्षांचं कॉलेज, तिथून पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात. बरं, हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे, हे सांगण्यात फोनची पहिली दहा मिनिटं जातात, ती वेगळी.

ही कॉलेजं शोधायची तर नकाशा बराच मोठा करावा लागतो. कॅन्ससमध्ये हचिन्सन, कॉफीव्हिल, गार्डन सिटी, बटलर. मिसिसिपीत स्कूबा नावाचं गाव आहे. लोकवस्ती हजारापेक्षा कमी, पण तिथल्या ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेजने क्वार्टरबॅक (खेळी चालवणारे, चेंडू फेकणारे) आणि लाइनमन (पुढच्या फळीतले आडदांड) असे पुरवले आहेत की मोठमोठ्या विद्यापीठांचे कोच भाड्याच्या गाड्या काढून तिथे जातात. आयोवा वेस्टर्नने २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. कॅलिफोर्नियातली कॉलेजं ज्युकोंच्या राष्ट्रीय संघटनेत नाहीत, त्यांचा संसार वेगळा. हे माहीत नसलेला फॅन ‘तो राष्ट्रीय क्रमवारीत का नाही?’ असं विचारतो आणि उरलेल्यांची कॉफी गार होते.

मुलगा ज्युकोत का गेला, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. उत्तरं साधारण तीन. एक, शाळेत मार्क कमी पडले. दोन, आधी मोठ्या विद्यापीठात होता आणि तिथून बाहेर पडला. कॅम न्यूटन फ्लोरिडाहून टेक्ससच्या ब्लिन कॉलेजात आला, २००९ मध्ये तिथे विजेतेपद मिळवलं आणि २०१० मध्ये ऑबर्नला जाऊन हाइजमन करंडक (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा) आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही घेतलं. अल्विन कमारा अलाबामातून हचिन्सनला गेला आणि तिथून टेनेसीला. तीन, कुणी बघितलंच नाही. आरन रॉजर्सला शाळा संपताना एकाही बड्या विद्यापीठाने स्कॉलरशिप देऊ केली नव्हती, म्हणून तो कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजात खेळला. बर्कलीचे कोच तिथे दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला गेले होते, त्याला चेंडू फेकणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. धाकटीला बघायला जाऊन थोरली पसंत पडावी, तसं. तेव्हापासून प्रत्येक फॅनला आपला तिसऱ्या फळीतला क्वार्टरबॅक म्हणजे रॉजर्सच वाटतो. नसतो.

रॉजर्स एकाच वर्षात बर्कलीला जाऊ शकला आणि बाकीचे दोन-दोन वर्षं का अडकतात, इथे खरी मेख आहे. शाळेतून निघताना त्याचे मार्क चांगले होते, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या भाषेत तो ‘क्वालिफायर’ होता. जो क्वालिफायर नसतो, त्याला साधारणपणे ज्युकोची पदवी पूर्ण करावी लागते. निदान तीन पूर्ण सत्रं, पुढे चालतील अशी ४८ क्रेडिट, त्यात इंग्रजीची सहा, गणिताची तीन, विज्ञानाची तीन, आणि सरासरी २.५. शारीरिक शिक्षणाची दोनच क्रेडिट धरतात. म्हणजे ज्या गोष्टीत हा मुलगा देशात पहिल्या शंभरात आहे, तिचे मार्क धरत नाहीत, आणि ज्या गोष्टीला तो दोन वर्षं घाबरत आला, तिच्यावाचून भागत नाही.

ती गोष्ट म्हणजे कॉलेज अल्जिब्रा. फॅनच्या आयुष्यात या विषयाला जे स्थान आहे, ते गणिताच्या प्राध्यापकाच्या आयुष्यातही नसेल. आधी उजळणीचा वर्ग असतो, त्याची क्रेडिट पुढे चालत नाहीत. तो पास झाला की मुख्य विषय. त्यात डी मिळाला तर ज्युको पास म्हणतं आणि मोठं विद्यापीठ बहुतेक वेळा नाही म्हणतं. मग उन्हाळ्यात पुन्हा. आपल्याकडच्या एटीकेटीत आणि यात एवढाच फरक की इथे मुलाच्या एटीकेटीची चिंता साठ हजार माणसं करतात.

त्यातून तारखा. डिसेंबरमध्ये पदवी पूर्ण झाली तर मुलगा जानेवारीत येतो, वसंत ऋतूतले सरावाचे पंधरा दिवस त्याला मिळतात, आचाऱ्याशी ओळख होते. मे महिन्यात झाली तर जूनमध्ये येतो. उन्हाळी वर्गावर गेली तर ऑगस्टमध्ये, सराव सुरू झाल्यावर, खेळी नीट पाठ नसताना. असा मुलगा पहिल्या सप्टेंबरात फार तर अडथळा म्हणून उभा राहतो. म्हणून जाणता फॅन वजन-उंची नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘डिसेंबरचा की मेचा?’ आणि लगेच, ‘किती वर्षांत किती?’ घड्याळ पाच वर्षांचं आणि त्यात खेळायचे हंगाम चार, हा वर्षानुवर्षांचा हिशेब. ज्युकोत दोन खेळून आला तर तीन वर्षांत दोन हंगाम उरतात. एक वर्ष बसून काढलं तरी चालतं. दोन वर्षांत दोन उरले असतील तर पायाला साधी मुरगळ आली तरी गणित बिघडतं.

हे सगळं पाठ करून होतंय न होतंय तोच डिएगो पाव्हिया आला. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युकोला २०२१ चं विजेतेपद मिळवून देणारा क्वार्टरबॅक, नंतर व्हँडरबिल्टला. ज्युकोतली वर्षं माझ्या खात्यात धरू नका, असा दावा त्याने केला. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्याला आणखी एक वर्ष खेळू दिलं, आणि एनसीएएने तशाच स्थितीतल्या इतरांनाही एका वर्षापुरती सूट दिली. आम्ही वर्षानुवर्षं जपलेले तक्ते त्या दिवशी रद्दीत गेले. आता मुलाची माहिती काढताना वकील कोण आहे तेही बघावं लागतं.

मुलगा निवडावा कसा, हे मात्र शिकता येतं. तीन मिनिटांचा हायलाइट बघून मत बनवू नये. तीन मिनिटांत कुणीही चांगलं दिसतं, लग्नाच्या अल्बममध्ये दिसतं तसं. पूर्ण सामना मिळाला तर चौथा क्वार्टर, म्हणजे शेवटचा पाव भाग, बघावा. एकशे चाळीस किलोचा माणूस पन्नासाव्या खेळीला गुडघ्यात वाकतो की कमरेत, एवढंच बघायचं. कमरेत वाकला की दमला. दमला की समोरचा त्याला मागे ढकलणार. कागदावरची उंची एक इंच कमी करून वाचावी. आणि जागा बघावी. डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची पुढची फळी), टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा कडेचा लाइनमन), कॉर्नरबॅक (मागे राहून पास अडवणारा) इथे ज्युकोचा सौदा सहसा फायद्याचा, कारण अठरा वर्षांच्या पोराला जे शरीर कमवायला दोन वर्षं लागतात ते इथे तयार मिळतं. टेरेन्स कोडी मिसिसिपी गल्फ कोस्टहून अलाबामाला आला तो साडेतीनशे पौंडांच्या पुढचा. २००९ मध्ये टेनेसीविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने दोन फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचे) अडवले, दुसरा तर शेवटच्या क्षणी, आणि अलाबामा १२-१० जिंकली. त्यानंतर देशभरच्या फॅनना वजनकाट्यावर प्रेम जडलं.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत जपून. नवी खेळी, नवे इशारे, नवे सोबती आणि हातात दोन वर्षं. न्यूटन एखादाच.

आता कोच.

कोचच्या शोधात फॅनला विमानतळाचं काम करावं लागतं. विद्यापीठाच्या देणगीदारांची खासगी विमानं असतात, त्यांच्या शेपटीवर एन अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो टाकला की विमान कुठे चाललंय ते फोनवर दिसतं. रात्री साडेअकराला एक विमान ओहायोच्या दिशेने निघतं आणि तीन हजार माणसं जागी होतात. ओहायोत कोण आहे? कुणाची बायको तिथली आहे? सकाळी कळतं, देणगीदार नातीच्या नृत्याच्या कार्यक्रमाला गेले होते. विमान मालकाच्या विनंतीवरून नकाशावरून लपवताही येतं. मग तर कहर. दिसणारं विमान म्हणजे हूल, न दिसणारं म्हणजे नक्की.

अर्थात विमानाचा संशय निराधार नाही. २००३ मध्ये ऑबर्नचे अध्यक्ष आणि त्यांची मंडळी विमानाने गुपचूप लुइव्हिलच्या कोचना भेटायला गेली. अडचण इतकीच की त्यांचा स्वतःचा कोच टॉमी टबरव्हिल अजून खुर्चीवर होता आणि अलाबामाविरुद्धचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना तोंडावर होता. बातमी फुटली, कोच राहिला, अध्यक्ष गेले. पुढच्या वर्षी त्याच कोचने तेरापैकी तेरा सामने जिंकले. खालच्या मानेने माफी मागायची संधी त्या फॅनना वर्षभर मिळाली, आणि मला वाटतं, कुणीही ती घेतली नसेल.

उमेदवारांचे नकार वाचायची वेगळी बाराखडी आहे. ‘माझं लक्ष सध्याच्या टीमवर आहे’ म्हणजे आकडा कमी वाटला. ‘मी इथे आनंदात आहे’ म्हणजे पगारवाढ हवी आहे, आणि ती दोन दिवसांत मिळते. साफ, खणखणीत नकार सगळ्यात धोक्याचा. निक सेबन मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक टीमचे कोच होते तेव्हा २१ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी आपण अलाबामाचे कोच होणार नाही असं सांगितलं. ३ जानेवारीला झाले.

पैशांचं बोलायचं तर फॅनला करारातलं बायआउटचं कलम पाठ लागतं. ते दोन बाजूंनी कापतं. कोचने मध्येच सोडलं तर तो, म्हणजे प्रत्यक्षात त्याला नेणारं विद्यापीठ, पैसे भरतं. विद्यापीठाने काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे विद्यापीठ भरतं. बघायची ओळ एकच: नवी नोकरी मिळाली तर तो पगार यातून वजा होणार का? टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशरना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं. रुपयांत सहाशे कोटींच्या पुढे, न शिकवण्याचे. हा आकडा पुण्याला सांगितला की पलीकडे थोडा वेळ शांतता होते आणि मग ‘आपल्या बंड्याला कोचिंगमध्ये काही…?’ असा प्रश्न येतो.

निवड जाहीर झाल्यावर फॅनचं काम संपतं असंही नाही. २६ नोव्हेंबर २०१७ रोजी टेनेसीने ग्रेग शियानोंशी बोलणी पक्की केली. दुपारी बातमी आली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आवारातल्या मोठ्या शिळेवर निषेध रंगवला, राज्यातल्या आमदारांनीही तोंडसुख घेतलं आणि रात्रीपर्यंत करार बारगळला. आठवडा संपायच्या आत ज्यांनी तो केला होता तेच घरी गेले. साखरपुडा मोडला आणि मध्यस्थाला गाव सोडावं लागलं, असा प्रकार.

आणि या दोन्ही विषयांची गाठ पडते ती भयंकर. २०२४ पासून नव्या खेळाडूंनी विद्यापीठाशी करार करायचा, म्हणजे सह्यांचा, दिवस डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी आलाय. म्हणजे कोच ठरायच्या आधीच मुलांनी सही करायची. ज्युकोतून येऊ घातलेल्या आपल्या टॅकलला दोन वर्षं ज्याने फोन केले, कॅन्ससच्या बर्फात जाऊन ज्याने त्याच्या आईच्या हातचं खाल्लं, तो लाइनचा कोच जुन्या साहेबांबरोबर गेलेला असतो. मुलगा विचारतो, मला आता कोण शिकवणार? उत्तर कुणाकडेच नसतं, कारण ते विमान अजून हवेत आहे.

अशा वेळी सगळे बिल स्नायडरचं नाव घेतात. कॅन्सस स्टेटने १९८८ च्या हंगामात एकही सामना जिंकला नव्हता. त्यांनी आयोवाचा एक असिस्टंट आणला, ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याने शेजारपाजारच्या ज्युकोंमधून माणसं गोळा केली. १९९८ मध्ये ब्लिनहून आलेल्या मायकल बिशपला घेऊन तो नियमित हंगामात एकही सामना हरला नाही. आम्हालाही असाच कोच हवा असतो, फक्त लवकर. स्नायडरचा १९८९ चा पहिला हंगाम एक विजय आणि दहा पराभवांचा होता, हे कुणी काढलं की बाकीचे त्याच्याकडे घरभेद्याकडे बघावं तसं बघतात. तो आज आमच्याकडे असता तर ऑक्टोबरातच आम्ही विमानं बघायला लागलो असतो.

शेवटी कोच येतो. टायचा रंग विद्यापीठाचा, बायको-मुलं शेजारी. ‘कल्चर’ हा शब्द पहिल्या चार मिनिटांत सहा वेळा येतो. मागे बँड वाजत असतो. आम्ही मात्र खाली मान घालून फोनमध्ये, कारण त्या टॅकलच्या कॅन्ससमधल्या कॉलेजात आज पाच वाजता सत्राचे निकाल लागणार आहेत. कॉलेज अल्जिब्रा, तीन क्रेडिट. सी आला तर जानेवारीत डावा टॅकल. डी आला तर ऑगस्ट.

पाच वाजून दहा मिनिटं झाली. अजून निकाल लावलेला नाही.