६०० यार्डांवरचं हरीण आणि भाच्याला आलेला व्हिडिओ

परवा टेक्सासहून भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, नोव्हेंबरमध्ये हरणासाठी रायफल घेतच नाही, रिव्हॉल्व्हर पुरेल.’ हाच व्हिडिओ इथे अमेरिकेत मराठी मंडळींच्या दोन ग्रुपवर आधी फिरून गेला, तेव्हा मी सोडून दिलं. आता घरातलंच पोर त्याच्या भरवशावर रानात निघालंय.

व्हिडिओतला दावा असा: .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जोरदार गोळीने ६०० यार्डांवर हरीण पडलंय, तेव्हा २०० यार्ड किरकोळ. स्पर्धेत तर पिस्तुलाने २०० मीटरवरचे मेंढे पाडतात. त्याहून मोठी .५०० मॅग्नम तर रायफलच्या तोडीची. आणि गोळी इतकी जाड की कुठेही लागली तरी जनावर जागेवर बसतं.

६०० यार्डांची गोष्ट आयडाहो राज्यातल्या एल्मर कीथ या शिकारी-लेखकाची. .४४ मॅग्नम बाजारात यावी म्हणून वर्षानुवर्षं मागे लागलेला हा माणूस. त्याने ‘हेल, आय वॉज देअर!’ या आत्मचरित्रात हा प्रसंग स्वतः सांगितलाय, तो तरी वाचा. हरीण सोबत्याच्या रायफलने आधीच जखमी झालं होतं. ते निसटू नये म्हणून कीथने रिव्हॉल्व्हर उचललं, आणि त्याच्याही पहिल्या गोळ्या चुकल्या. एवढ्या अंतरावर ती गोळी पोचायलाच जवळजवळ दोन सेकंद लागतात. व्हिडिओवाल्याने ‘जखमी’ हा शब्दच गाळलाय.

बरं, २०० यार्ड किरकोळ कसे? शाळेतलं त्रैराशिक मांडा. रिव्हॉल्व्हरच्या पुढच्या-मागच्या माशीत, म्हणजे नेम धरायच्या खुणांत, साधारण २०० मिलिमीटर अंतर. पुढची माशी एक मिलिमीटर हलली, तर २०० मीटरवर गोळी एक मीटर बाजूला. शिवाय १०० यार्डांवर नेम जुळवलेली .४४ची गोळी २०० यार्डांवर अडीच-तीन फूट खाली येते. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा आठ-दहा इंचांची.

.५०० मॅग्नमबद्दल थोडं मान्य करतो. २००३ साली आलेली ही गोळी नळीतून निघताना .३०-०६ या शिकारीच्या नेहमीच्या रायफलच्या जवळपास जोर घेऊन निघते. पण तिचं तोंड बोथट. २०० यार्डांपर्यंत निम्म्याच्या आसपास जोर हवेतच जातो. रायफलची निमुळती गोळी तिथे तीन चतुर्थांशाच्या आसपास राखून असते.

आता ते ‘कुठेही लागली तरी’. याचा मला खरा राग आहे. पोटात गोळी लागलेलं हरीण जागेवर बसत नाही. पाठ वाकवतं, चार पावलं चालतं आणि झाडीत शिरतं. एका सोबत्याबरोबर अशा हरणामागे मी रात्री टॉर्च घेऊन फिरलोय. फुप्फुसात लागलं की रक्त गुलाबी, फेसाळ पडतं. आम्हाला ओकच्या पानावर मिळाला तो हिरवट, आंबूस वासाचा डाग. पुढच्या वीस पावलांवर दुसरा, मग काहीच नाही. असं जनावर मरायला तास न् तास घेतं, म्हणून जाणते शिकारी सहा-आठ तास थांबून माग काढतात. आम्ही लगेच मागे लागलो आणि ते उठून आणखी दूर गेलं. सकाळी सापडलं तेव्हा कोल्ह्यांनी मागचा भाग खाल्ला होता. गोळीची जाडी तिथे काही कामाची नव्हती, आणि आमची गोळी तर रायफलची होती.

राहिलं ते पिस्तुलाने २०० मीटरवरचे मेंढे पाडण्याचं. स्पर्धेत पाडतात, खरं आहे. ते मेंढे पोलादाचे असतात, जखमी होऊन पळत नाहीत. आणि थॉम्पसन सेंटर कंपनीच्या कंटेंडरसारखं एकगोळी पिस्तूल, रायफलचं काडतूस, वर दुर्बीण आणि खाली पक्का टेकू, एवढी तयारी असलेले मुरलेले लोक २०० यार्डांवर शिकार करतात, हेही कबूल. भाच्याकडे यातलं काहीच नाही.

बाळा, या शनिवारी रेंजवर नऊ इंची कागदी ताटली लाव. पंचवीस यार्डांपासून सुरू कर, टेकू न घेता. सहाच्या सहा गोळ्या ताटलीत बसतील तिथवरच तुझं अंतर, त्याच्या एक पाऊलही मागे नको. आकडा काय आला ते रविवारी फोनवर सांग.