नेरूळच्या ताईंना उत्तर: गळती कुठे, याआधी गळती केव्हा

ताई, नमस्कार.

घरातली लपलेली गळती न फोडता कशी शोधायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मीटर पाहून गळती ओळखा असं मी लिहिलं, पण सोसायटीतल्या फ्लॅटला स्वतःचा मीटर असतो कुठे? थर्मल कॅमेऱ्याबद्दल वाचून तुम्ही जुलैत माणूस बोलावला, साडेतीन हजार रुपये मोजले आणि हाती निळ्या-हिरव्या रंगाचे चार फोटो आले. आता प्लंबर म्हणतो, अख्खं बाथरूम फोडावं लागेल. या सगळ्यात, ज्यांचं छत गळतंय त्या खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलणं बंद झालं. "बंगल्यात राहणाऱ्यांसाठीचा लेख आमच्या गळ्यात मारू नका," हे तुमचं शेवटचं वाक्य.

मीटरबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. सगळे नळ बंद करून तासाभराने मीटरचा काटा हलला का ते बघा, हा उपाय बंगल्याला किंवा स्वतंत्र जोडणी असलेल्या घराला लागू पडतो. आपल्याकडे पाणी सोसायटीच्या एका मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवर आणि मग घरोघरी. हिशोबच करून बघा. सेकंदाला एक थेंब गळतो असं धरलं आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर मोजला, तर दिवसाला 4 लिटरच्या थोडं वर पाणी जातं. चाळीस घरांच्या इमारतीच्या मीटरवर ते दिसणं शक्यच नाही. पण तेच 4 लिटर रोज काकूंच्या छतात मुरलं तर स्लॅबच्या सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. तो परिच्छेद लिहिताना फ्लॅटचा विचार मी करायला हवा होता.

कॅमेऱ्याच्या बाबतीतही चूक माझीच, मी अर्धंच सांगितलं. तो कॅमेरा पाणी बघत नाही, भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो. ओल्या जागेवरून वाफ उडते, ती जागा आजूबाजूपेक्षा थंड होते, म्हणून वेगळ्या रंगात दिसते. जुलैत नेरूळच्या खाडीकाठच्या हवेत इतका दमटपणा असतो की वाफ उडतच नाही म्हटलं तरी चालेल. मग ओली भिंत आणि कोरडी भिंत जवळजवळ एकाच रंगाची दिसणार. डिसेंबर-जानेवारीत त्याच माणसाला कदाचित काहीतरी सापडलं असतं. पावसाळ्यात त्याचा खरा उपयोग गरम पाण्याच्या लाइनपुरता आहे: गीझर तापवून दहा-पंधरा मिनिटं गरम पाणी सोडायचं, गळत असेल तिथे उबदार डाग पसरत जातो. हे वाक्य लेखात असतं तर तुमचे पैसे वाचले असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता 'न फोडता'बद्दल. इथे मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. गळती न फोडता शोधता येते. न फोडता ती दर वेळी दुरुस्त होईलच असं नाही, पण जागा कळली तर दोन टाइल्स फुटतात आणि नाही कळली तर अख्खं बाथरूम फुटतं. जागा कळण्यासाठी यंत्राच्याही आधी हवी ती वेळ. पाणी केव्हा ठिबकतं? आणि ते तुम्हाला दिसत नाही, काकूंना दिसतं. तुमची गळती शोधण्याचं अर्धं काम त्यांच्या घरात आहे.

आमच्याच घरचं सांगते. ठाण्यात नौपाड्यात आमचा दुसरा मजला, खाली एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. एका प्लंबरने बघताक्षणी सांगितलं, सगळी कन्सिल्ड लाइन, म्हणजे भिंतीत लपवलेले पाण्याचे पाइप, बदला. आजी म्हणाल्या, थांबा जरा. त्यांनी भाचीला स्टुलावर चढवून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून घेतली आणि शेजारी तारीख लिहिली. आठवड्यात छतावर एकात एक अशा चार रेघा झाल्या, झाडाच्या खोडात असतात तशा. खाली पांढरं एनॅमलचं पातेलं ठेवलं आणि ठिबक सुरू झालं की कॅलेंडरवर वेळ लिहायची. बुधवारी सकाळी आणि रविवारी दुपारी ठिबक वाढायचं. आमच्याकडे वॉशिंग मशीन लागतं ते याच दोन दिवशी.

मग आम्ही ड्राय बाल्कनीतल्या नहाणीत बादलीने सावकाश पाणी ओतलं, तर खाली काहीच नाही. मशीनचं पाणी मात्र एकदम जोरात येतं, नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याला) ते झेपत नाही, वर तुंबतं आणि ट्रॅप व टाइल यांच्यामधल्या फटीतून आत शिरतं. खात्रीसाठी मशीनच्या शेवटच्या पाण्यात खायचा लाल रंग टाकला. पाऊण तासाने आजींनी खालून हाक मारली. पातेल्याच्या तळाशी फिकट गुलाबी थेंब पडला होता. त्या ट्रॅपभोवतीच्या तीन टाइल्स फोडल्या, सांधा नीट भरला, काम झालं. लाइनला हातही लावला नाही.

तुमच्या घरी काय करावं? नोंद चोवीस तासांची हवी, निदान चार-पाच दिवस. कोणी घरात नसतानाही संथ लयीत ठिबकत असेल तर संशय नळाच्या लाइनवर, कारण तिच्यात टाकीचा दाब सतत असतो. आंघोळ किंवा धुणं झाल्यावरच वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे. पाऊस लागला की वाढतं आणि उघडीप मिळाली की कमी होतं, तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतला) पाइप. एसी लावल्यावरच ओल येत असेल तर त्याची भिंतीतली ड्रेनची नळी बघा.

यात एक फसवी गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. बाथरूमचा स्लॅब बाकीच्यापेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. हा कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. त्यामुळे गळती आंघोळीच्या पाण्याची असली तरी खाली दिवसभर ठिबकू शकतं आणि प्लंबर म्हणतो, "चोवीस तास गळतंय म्हणजे लाइनच." त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. दुसरं बाथरूम असेल तर हे बाथरूम तीन-चार दिवस पूर्ण कोरडं ठेवा, नळाची लाइन मात्र चालू असू द्या. ठिबक ओसरत गेलं तर लाइन ठीक आहे.

याच्या उलट चाचणी व्हॉल्व्हची. रात्री अकराला बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग आतला नळ उघडा. दहा मिनिटांनीही तो बारीक गळत असेल तर व्हॉल्व्ह धरत नाही आणि ही चाचणी बाद. जुन्या गेट व्हॉल्व्हचं हे नेहमीचं दुखणं. धरत असेल तर सकाळी काकूंकडची नोंद बघा; ठिबक कमी झालं असेल तर संशय लाइनवर. कोब्यामुळे फरक दिसायला एखाद-दोन दिवस जास्तही लागतील.

संशय लाइनवरच राहिला तर प्रेशर टेस्ट करून घ्या. प्लंबर मुख्य व्हॉल्व्ह आणि सगळे अँगल कॉक (भिंतीतून निघणाऱ्या जोडणीवरचे छोटे नळ) बंद करतो, शॉवरच्या जागी हातपंप व दाब दाखवणारं गेज लावतो आणि पाणी भरून दाब देतो. अर्धा तास काटा जागचा हलला नाही तर लाइन निर्दोष. गीझर आधी सुटा करायला सांगा, नाहीतर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी सोडेल आणि काटा उगाच खाली येईल. गरम आणि थंड लाइन वेगवेगळी तपासा. टाकीपासून 20 मीटर खाली असलेल्या नळावर साधारण 2 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब असतो. तुमची इमारत जुनी आणि पाइप जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) असतील तर त्याच्या दुपटीपलीकडे दाब नेऊ देऊ नका, गंजलेला एल्बो (वळणाचा जोड) तपासणीतच फुटायचा.

नहाणीत पाणी तुंबवून बघणार असाल तर दोन टप्प्यांत. ट्रॅपच्या तोंडाला बोळा लावून दोन इंच पाणी दिवसभर ठेवलं, तर फक्त टाइल्स आणि त्यांचे सांधे तपासले जातात. ट्रॅप आणि त्याखालचा पाइप तपासायला बोळा काढून रंगीत पाणी सोडावं लागतं. बहुतेक जण पहिल्या टप्प्यावर थांबतात आणि सगळं ठीक आहे म्हणून मोकळे होतात.

ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉइंटपाशी आली असेल तर काकूंना त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) आजच बंद ठेवायला सांगा. नोंदी नंतर.

खर्चाचंही बोलून घ्या, कारण अबोला बहुतेक त्यावरूनच होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची व ड्रेनेजची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. टॉयलेट, सिंक यांची घरातली गळती सदस्याने. म्हणजे कारण कळेपर्यंत पैसे कोणाचे हा वाद घालण्यात अर्थ नाही, आणि कारण कळायला काकूंची नोंद लागणार. हे त्यांना याच शब्दांत सांगून बघा. आमच्या आजींनाही आधी वाटत होतं की आम्ही टाळतोय. वेळा लिहायला लागल्यावर त्याच आम्हाला फोन करून सांगू लागल्या.

मूळ लेखातला मीटरचा परिच्छेद आज बदलला आहे आणि कॅमेऱ्याखाली पावसाळ्याचा इशारा घातला आहे. तुमच्या चार-पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की इथेच लिहा, मी त्या नीट बघून उत्तर देईन. आणि काकूंकडे जाताना पेन्सिल न्या. ओल्या छतावर बॉलपेन उमटत नाही.