चिरागनगरचा दाखला

अण्णा भाऊ साठ्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत बसून लिहिलं. मग आजच्या नवख्या कादंबरीकाराला निवांत खोली कशाला हवी? एका परिसंवादात वक्त्यांनी असं विचारलं आणि मांडवात टाळ्या पडल्या. त्याआधी एका तरुण लेखिकेने एवढंच म्हटलं होतं की, नव्या लेखकांना हातातलं पुस्तक पुरं करायला महिनाभर राहण्या-जेवणाची सोय कुणीतरी करावी. मैत्रिणीने रेकॉर्डिंग पाठवलं. इथे अमेरिकेत, मेट्रोच्या रेड लाइनमध्ये उभ्या उभ्या ऐकलं. उतरायचं स्टेशन मागे गेलं तरी त्या टाळ्याच कानात होत्या.

मी वाळवा तालुक्यातली. अण्णा भाऊंचं वाटेगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे त्यांचं नाव असं कुणाचं तोंड बंद करायला वापरलं की मला ते लागतं. १९२० चा जन्म, १९६९ मध्ये गेले. पन्नाशीही पाहिली नाही. अखेरची वर्षं हलाखीत गेली. त्या माणसाला आणखी दहा वर्षं आणि एक बरी खोली मिळाली असती तर मराठीला काय मिळालं असतं, हे त्या मांडवात कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी सोसलं म्हणून पुढच्यांनीही सोसावं, हा कसला आदर?

यंदा मड सीझनमध्ये, म्हणजे बर्फ वितळून सगळीकडे चिखल होतो त्या दिवसांत, मी व्हरमाँटमधल्या एका छोट्या रेसिडेन्सीत, म्हणजे लेखकांना राहून लिहिता येतं अशा जागी, तीन आठवडे राहून आले. वर्षाची पगारी रजा सगळी त्यातच संपली. माझी पहिलीच कादंबरी, सहा वर्षं चाललेली. घरी असताना पहाटे पाच ते साडेसहा लिहायचं, मग मुलीचा डबा, मग ऑफिस. दीड तासात परिच्छेद होतो, प्रसंगही होतो. कादंबरी अख्खी डोक्यात मावत नाही. काल कुठे होतो हे आठवेपर्यंत साडेसहा वाजतात. तिथे नवव्या दिवशी मी दोनशे दहा पानं जमिनीवर मांडली, पानांमधून अनवाणी फिरले आणि दुपारपर्यंत लक्षात आलं की आजोबांचं निवेदन साठाव्या पानावर सुरू होतं, तिथेच कादंबरी सुरू व्हायला हवी. आधीची एकोणसाठ पानं बाजूला काढली. सहा वर्षांत हे दिसलं नव्हतं, कारण सहा वर्षांत सगळी पानं एकदाही एकत्र माझ्यासमोर आली नव्हती.

इथल्यांना हे फार पूर्वी उमगलंय. न्यू हॅम्पशरमधली मॅकडॉवेल ही रेसिडेन्सी १९०७ पासून चालू आहे. तिथे दुपारच्या जेवणाची टोपली स्टुडिओच्या दाराशी ठेवून माणूस निघून जातो, आतल्याची तंद्री मोडू नये म्हणून. परक्याच्या अर्धवट कामाची इतकी बूज राखणं मी आपल्याकडे पाहिलेलं नाही. आपल्याकडे पुस्तक झाल्यावर शाल-श्रीफळ. होत असताना, ‘काय, संपतंय की नाही?’ आणि हे आपल्याला अनोळखी आहे असंही नाही. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रामला गेले होते, त्याला पन्नास वर्षं झाली. भाषेला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले. पाचगणीजवळ भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत वाचकांसाठी पुस्तकं मांडलेली. तिथल्या दोन खोल्या पावसाळ्यात, गर्दी नसताना, दोन नव्या लेखकांना द्यायला कितीसा खर्च येईल?

हे मी मैत्रिणीला तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, ‘तुझं बरोबर आहे गं, पण तू तिकडून बोलतेस.’ मी तिच्यावर चिडले. अठरा वर्षं मराठीत लिहिणाऱ्या बाईला तिकडची म्हणायचं?

मग जे तिला सांगितलं नाही, ते इथे सांगते. त्या रेसिडेन्सीला माझी निवड झाली ती इंग्रजी पानांवर. तीस पानांचा अनुवाद मीच केला होता. मूळ मराठीची एकही ओळ तिथे कुणी वाचू शकत नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी मी एक पान मराठीत वाचलं. सगळे मनापासून ऐकत होते, नंतर एकजण म्हणाली की आवाज पाण्यासारखा वाटला. ते पान गुऱ्हाळातल्या भांडणाचं होतं. खोलीत येऊन मी खूप वेळ दिवा लावला नाही.

कादंबरी गुऱ्हाळाची आहे, आमच्याच. मी गावी जाते ती जुलैत, मुलीच्या शाळेच्या सुट्टीत. गुऱ्हाळाचा हंगाम अठरा वर्षांत डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्या रात्री तात्यांना, माझ्या चुलत्यांना, फोन केला. तिकडे सकाळ होती. तेच पान वाचून दाखवलं. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं. ‘भट्टी दारूची असती पोरी. गुऱ्हाळाला चुलवाण असतंय.’

चुलवाण. हा शब्द माझ्या तोंडून कधी निसटला ते मला कळलंही नव्हतं. काहिल होती, गुळव्या होता, चिपाडं होती, आणि मधोमध मी भट्टी लिहून बसले होते, सतरा ठिकाणी. तात्या सांगत गेले, मी पेन्सिलने दुरुस्त करत गेले. कुणी हसलं नाही, कुणी घाईही केली नाही. तासाभराने मी म्हटलं, ‘तात्या, यंदा रजा टाकून दिवाळीनंतर येते. गुऱ्हाळ लागलं की आठवडाभर तिथेच बसून लिहीन.’

ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपलं गुऱ्हाळ बंद होऊन आठ वर्सं झाली की गं. तुला कुणी सांगितलंच न्हाई व्हय?’