गट सोडला म्हणून पेपरवरचा हक्क संपत नाही

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. वर एक फॉरवर्ड, संशोधनाच्या पेपरवर लेखक म्हणून कुणाची नावं छापायची याबद्दलचा, ‘पेपरवर नाव कुणाचं? पाच साधे नियम’, आणि खाली तिचं एकच वाक्य: “मावशी, असंच असतं का गं?” हा फॉरवर्ड त्याच आठवड्यात मला तिसऱ्यांदा आला होता. आधी दोनदा मी तो अर्धवट वाचून सोडून दिला. या वेळी सोडवेना. दीड वर्ष प्रयोग करून ती दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली आहे आणि जुन्या गटाने तिला कळवलंय, “तुझं नाव लेखकांत नाही, आभारात टाकू.” म्हणजे हे ‘नियम’ आता तिच्या मानगुटीवर बसलेत.

ते पाच असे. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव प्रत्येक पेपरवर हवंच. डेटा गोळा करणारे आणि आकडेमोड करणारे मदतनीस असतात, त्यांना आभार पुरेत. पहिलं नाव सोडलं तर बाकीच्या नावांना किंमत नाही. एखादं नाव जास्त घातल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि पेपर लिहून होण्याआधी जो गट सोडतो, त्याचा हक्क संपतो.

पहिल्याचं उत्तर लेखी आहे. वैद्यकीय जर्नलांच्या, म्हणजे संशोधनाचे पेपर छापणाऱ्या नियतकालिकांच्या, संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. 1978 साली व्हँकूव्हरला जमलेल्या संपादकांच्या बैठकीतून ती उभी राहिली आणि तिच्या शिफारशी आज वैद्यकाबाहेरही आधाराला घेतल्या जातात. त्यांत लेखक होण्याच्या चार अटी आहेत. कामाची कल्पना, मांडणी, डेटा मिळवणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा तो कसून तपासण्यात भाग हवा. अंतिम प्रतीला मान्यता हवी. आणि चौथी, 2013 मध्ये जोडलेली: संपूर्ण कामाबद्दल जाब द्यायची तयारी हवी. चारही लागतात. नुसता निधी आणणं किंवा गटावर सर्वसाधारण देखरेख ठेवणं पुरेसं नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. प्रमुखाने मांडणी केली असेल, मसुदा वाचून दुरुस्त केला असेल, तर त्यांचं नाव आनंदाने घाला. खुर्चीमुळे मात्र नाही.

दुसऱ्या नियमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. ठरवून दिलेली मापं फक्त टिपून आणली, एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. आभार हीच त्याची जागा. पण मी स्वतः गेली बारा वर्षं दुसऱ्यांच्या संशोधनाचं संख्याशास्त्र पाहते. किती नमुने घ्यायचे, तुलना कशाशी करायची, कुठला निष्कर्ष टिकणार नाही, हे जो ठरवतो त्याला ‘आकडेमोड करणारा’ म्हणणं चूक आहे. विश्लेषण त्या पहिल्या अटीत नावानिशी आहे.

तिसऱ्यावर फार वेळ घालवत नाही. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात शेवटचं नाव बऱ्याचदा गटप्रमुखाचं असतं. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या पेपरला 5,154 लेखक आहेत. तिथे पहिल्या नावाचा अर्थ काय लावणार?

चौथा नियम वाचून मला राग आला. 22 मे 2020 रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये एक पेपर आला: कोविडवर दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध रुग्णांना धोक्याचं ठरतं, असं सांगणारा. चार लेखक, 671 रुग्णालयं, सुमारे 96,000 रुग्ण. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लोकांनी आकड्यांवर प्रश्न विचारले. डेटा ज्या कंपनीचा होता तिचा प्रमुख त्या चौघांपैकी एक. उरलेल्या तिघांना तपासणीसाठी तो पूर्ण डेटा मिळेना. आपण त्याची खात्री देऊ शकत नाही, असं सांगून त्यांनी 4 जूनला पेपर मागे घेतला. हे तिघे उगाच घातलेली नावं होते असं मी म्हणत नाही. पण पेपरवर नाव असून डेटा न पाहिलेला माणूस म्हणजे काय धोका असतो, ते इथे दिसतं. कामाशी संबंध नसलेलं नाव घालताना आपण तसाच माणूस पेपरवर बसवतो. वाचणारा चार नावं पाहून चौघांनी तपासलंय असं धरतो.

आता पाचवा, ज्याने भाचीची झोप उडवली. तिने नोंदवहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. डाव्या समासात वेळा: रात्री 1.10, 3.10, 5.10. समोर नमुन्याचे क्रमांक आणि तापमान. 5.10 च्या ओळीत लाल पेनाने लिहिलंय, ‘कंट्रोल बिघडला, पूर्ण बॅच परत’. कंट्रोल म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो नमुना. त्या रात्रीनंतर तिने कंट्रोल बदलला, प्रयोगाची मांडणीच बदलली, आणि गटाने परिषदेत लावलेल्या पोस्टरवरची दुसरी आकृती त्याच मांडणीतून आली आहे. हा मांडणीतला वाटा आहे. तो गट सोडल्याने पुसला जात नाही.

आणि गट काय म्हणतो? मसुदा तिने लिहिला नाही, म्हणून ती लेखक नाही. अहो, मसुदा तिला दाखवलाच नाही! नेमकी हीच पळवाट आयसीएमजेईने बंद केली आहे. मसुदा तपासण्याची किंवा मान्यता देण्याची संधीच नाकारून एखाद्या सहकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी या अटी वापरू नयेत, आणि पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लिहिण्या-तपासण्यात आणि अंतिम मान्यतेत भाग घ्यायची संधी मिळावी, असं त्या शिफारशी सांगतात. कुठेही ‘गट सोडला असेल तर सोडून’ असा अपवाद नाही. या एका कलमापुढे पाचवा नियम उभाच राहत नाही.

मी तिला रात्रीच उत्तर लिहिलं. फोन करू नकोस, मेल कर. मसुदा माग, आणि तो वाचून दुरुस्त्या द्यायची, कामाची जबाबदारी घ्यायची तयारी आहे असं स्पष्ट लिही. कुठल्या आकृतीत तुझा काय वाटा आहे ते तारखांसह लिही. पेपर जर्नलकडे जायच्या आधी हे कर. नंतर नाव घालायचं तर संपादक कारण विचारतात, सगळ्या लेखकांची सही मागतात, आणि वाद असेल तर निवाडा करत नाहीत, तो संस्थेकडे धाडतात.

सकाळी सातला तिचा मेसेज आला: “पाठवला. सोबत पाच पानांचे फोटो जोडलेत.”