पानकिडा म्हणजे हिरवा प्रार्थनाकीटक नव्हे

पानासारख्या हिरव्या किड्याचा एक व्हिडिओ फिरतोय. खाली मजकूर : ‘काडीकिडा आणि पानकिडा या प्रार्थनाकीटकाच्याच दोन जाती. काडीसारखा दिसला तर काडीकिडा, पानासारखा दिसला तर पानकिडा. यांच्यात नर नसतातच.’

पहिल्या वाक्यावर फार हसू नये, कारण १७५८ मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने पानकिड्याला प्रार्थनाकीटकांच्याच रांगेत बसवलं होतं. पण प्रार्थनाकीटकाचे पुढचे पाय बघा : काटेरी, सावज धरायला मुडपलेले. तो शिकारी, आणि त्याची भावकी झुरळ-वाळवीशी. काडीकिडे आणि पानकिडे निव्वळ पाला खातात. फॅस्माटोडिया हा त्यांचा स्वतंत्र गण, तीन हजारांहून जास्त जातींचा. डीएनएवरून त्यांच्या जवळचे ठरतात एम्बिऑप्टेरा, म्हणजे पुढच्या पायांतून रेशीम काढून बोगदे विणणारे बारके किडे. नुसतं बघून हे नातं कुणाला सुचलं असतं?

दुसऱ्या वाक्यात तर दोन सारखे वाटेच पाडलेत. खरे पानकिडे म्हणजे फिलिइडी हे एकच कुळ, तेही काडीकिड्यांच्या वंशवृक्षावरची एक फांदी. ऑस्ट्रेलियातला एक्स्टाटोसोमा हा काडीकिडा चुरगळलेल्या वाळक्या पानासारखा दिसतो, पायांनाही झालरी. तरी तो या कुळात नाही. उलट ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाऊ बेटाचा काळा, जाडजूड, बिनपंखी काडीकिडा त्याच्या गोतावळ्यातला.

राहिले नर. दक्षिण भारतातला, जगभरच्या प्रयोगशाळांत पोसला जाणारा कॅराशियस मोरोसस हा काडीकिडा पिढ्यानपिढ्या नराविना वाढतो, हे खरं. म्हणून सगळ्यांनाच ते लावायचं? पानकिड्यांत नर असतात, फक्त मादीशेजारी ठेवले तर एका जातीचे वाटत नाहीत. मादी रुंद, आखूड मिशांची, पुढच्या पंखांवर थेट पानाच्या शिरा, आणि तिला उडता येत नाही. नर सडपातळ, लांब मिशांचा, उडणारा. या फरकाने तज्ज्ञही चकले. नॅनोफिलियम हा पानकिड्यांचा वंश (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) १९०६ मध्ये स्थापला गेला, पण त्यात नरच तेवढे माहीत होते. माद्या फिलियम या दुसऱ्याच वंशात नोंदलेल्या. पुढे पापुआ न्यू गिनीतली अशा मादीची अंडी मॉन्ट्रियलच्या कीटकसंग्रहालयात पोचली. त्यांतून निघालेले नर वाढले ते थेट नॅनोफिलियमच्या रूपात. २०२० मध्ये दोघांना एका नावाखाली आणावं लागलं.