ताराच्या टेकडीवर महादेव नाही

मावशी मे महिन्यात मुलाकडे डब्लिनला चालली आहे. काल फोनवर विचारत होती, "तिथल्या महादेवाला अभिषेक करू देतात ना रे? तांब्या इथूनच नेते." मग तिला आलेला मेसेज वाचला. आयर्लंडच्या मीथ परगण्यात तारा टेकडीवर पाच हजार वर्षांपूर्वीचं शिवलिंग आहे, ते भारतातून गेलेल्यांनी स्थापलं, टेकडीला तारादेवीचं नाव आहे आणि २०१२ मध्ये हिंदुद्वेष्ट्यांनी ते फोडायला घेतलं! असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एकदा तरी शोधून बघावंसं वाटत नाही का?

त्या दगडाचं नाव लिया फॉल. जुन्या आयरिश कथांत तो राज्याभिषेकाचा दगड आहे. खऱ्या राजाने त्याच्यावर पाय ठेवला की तो गर्जना करतो. पाय ठेवला की! कूखुलिनच्या पायाखाली तो गप्प राहिला, तर त्या वीराने चिडून त्याच्यावर तलवारच घातली. पिंडीवर पाय देणं हाच जिथे मान, ती कुठली शिवभक्ती? शाळुंका नाही, पन्हळ नाही, नुसता उभा दगड. लिंगासारखा दिसतो, हे कबूल. गावकरीही त्याला फर्गस या दंतकथेतल्या वीराचं लिंग म्हणत. पण तसा दिसणारा प्रत्येक उभा दगड महादेव होत नाही.

शिवाय तो मूळ जागी नाहीच. १७९८ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडात या टेकडीवर पडलेल्यांच्या कबरीची खूण म्हणून तो एकोणिसाव्या शतकात हलवला. त्याआधी तो जवळच्या 'ओलिसांचं टेकाड' या थडग्यापाशी होता, आणि पाच हजार वर्षांचा आकडा त्या थडग्याचा आहे. १९५० च्या दशकातल्या उत्खननात तिथे दोनशेहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले.

भारतातून कोण गेलं? २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आयर्लंडच्या अश्मयुगीन हाडांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यात याच परगण्यातल्या न्यूग्रेंजच्या थडग्यातली हाडंही होती. ही थडगी बांधणाऱ्या शेतकऱ्यांचं मूळ आजच्या तुर्कस्तानाकडे जातं. संस्कृत आणि आयरिश एकाच भाषाकुळातल्या, एवढं मात्र खरं. पण त्यावरून पिंडी निघत नाही. तारादेवीचं म्हणाल, तर टेकडीचं जुनं आयरिश नाव तेमिर, त्याचंच पुढे 'तारा' झालं.

२०१२ मध्ये दगडावर हातोडा घातला, २०१४ मध्ये रंग ओतला, दोन्ही खरं. त्यामागे हिंदुद्वेष होता, हे मेसेजवाल्याने घरी बसून ठरवलं.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच कारणाने. १८९९ ते १९०२ या काळात स्वतःला बायबलमधल्या इस्रायलींचे वंशज मानणाऱ्या काही ब्रिटिश मंडळींनी हीच टेकडी खणली. कशासाठी? बायबलमधली ज्यूंची पवित्र पेटी इथे पुरली आहे म्हणून! पेटी मिळाली नाही, 'सिनडचा कोट' म्हणतात त्या प्राचीन वास्तूची मात्र नासधूस झाली. कवी येट्ससारख्यांनी तेव्हा जाहीर निषेध केला. दुसऱ्याच्या टेकडीत आपलाच देव असणार, ही खोड तीच. फक्त तेव्हा कुदळ होती, आता दुधाचा तांब्या.

मावशीला सांगितलंय, तारा जरूर बघ, ओलिसांच्या टेकाडाच्या दारातून आत डोकाव, कोरीव दगड दिसेल. न्यूग्रेंजचं तिकीट आधी काढ. तांब्या घरी ठेव.